जाताना पाच तास, येताना साडेतेरा

लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे किसनभाऊ लंडनला पाच तासांत गेले आणि साडेतेरा तासांत परत आले. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. अजूनही पारावर बसून म्हणतात. जमिनीचा एक तुकडा बंगलेवाल्यांना विकल्यावर ते लेकीकडं महिनाभर राहून आले आणि परतल्या परतल्या माझ्या तिकिटांच्या दुकानात तक्रार घेऊन उभे राहिले.

"ताई, जाताना डायवर चांगला व्हता. दुपारी एकला बसलो, सहाला उतारलो. येताना कुनीतरी नवशिकं पोरगं बसवलं व्हतं. रातच्या नवाला बसवलं ते दुसऱ्या दिशी साडेधाला टेकवलं. रस्ता त्योच, इमान तसलंच. मंग?"

मी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कागद घेतला. तिकिटावर सुटायची वेळ ज्या गावाहून सुटतं तिथली असते आणि पोचायची वेळ ज्या गावाला पोचतं तिथली. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं चालतं. तेव्हा जातानाच्या पाच तासांत साडेचार मिळवायचे आणि येतानाच्या साडेतेरातून साडेचार काढायचे. जाताना साडेनऊ, येताना नऊ.

"म्हणजे येतानाचाच ड्रायव्हर अर्ध्या तासानं सरस होता, भाऊ. खरं तर तो अर्धा तासही त्याचा नाही. वर आकाशात वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं. येताना ते पाठीला असतं, जाताना तोंडावर."

भाऊंनी चहा संपवला, कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"ते तुमच्या कागदावर, ताई. आत बसल्यालो मी व्हतो."

लोणावळ्याच्या बाजारात चोवीस वर्षं मी विमानाच्या तिकिटांचं दुकान चालवलं. पाटीवर माझ्या नावापुढं बी.ए. (भूगोल) असं होतं आणि ती अक्षरं नावापेक्षा मोठी होती. पेंटर म्हणाला, "मॅडम, तिकिटं विकायला डिग्री कशाला?" म्हटलं, तू रंगव. परंदवडीत आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीपर्यंत गेलं नव्हतं. वडील कारखान्यात रात्रपाळी करून मला कॉलेजला पाठवत होते. ती पदवी काय पेटीत घालून ठेवायची? पाटी लागल्यावर पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ही भूगोल कुठली कंपनी? स्वस्तात नेते का?" तरी पाटी बदलली नाही.

बाहेरच्यांना वाटतं, तिकीट काढणं म्हणजे दोन बटणं दाबणं. बटणं कुणीही दाबेल. माझं खरं काम होतं माणसांना हे पटवणं, की पृथ्वी गोल आहे, ती फिरते आणि त्यात माझा काही कमिशनचा संबंध नाही.

टेबलावर मी पृथ्वीचा गोल ठेवला होता आणि शेजारी लाल दोरा. मुलाकडं न्यूयॉर्कला निघालेले एक निवृत्त भूगोलाचे गुरुजी आले. तिकीट पाहून त्यांनी दुसराच प्रश्न काढला. पुतण्यानं त्यांना मोबाईलवर विमानाचा रस्ता दाखवला होता आणि तो मुंबईहून सरळ उत्तरेला, रशियाकडं गेलेला होता.

"न्यूयॉर्क पश्चिमेला आहे," गुरुजी म्हणाले. "मध्ये अरबस्तान, मग आफ्रिका, मग समुद्र. मी तीस वर्षं हेच शिकवलंय. हे लोक उत्तरेला कशाला जातात? पेट्रोल जाळायला?"

मी दोरा त्यांच्या हातात दिला. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि म्हटलं, आता ताणा. सैल असताना दोरा अरबस्तानावरून जात होता. ताणला तसा तो आपोआप वर सरकला, रशिया ओलांडून, ग्रीनलंडच्या अंगानं खाली उतरला. सपाट नकाशावर जी रेघ सरळ दिसते ती गोलावर लांबची, आणि जी कमानीसारखी दिसते ती जवळची. विमान आपलं गोलावर चालतं, भिंतीवरच्या नकाशावर नाही.

गुरुजींनी दोरा सैल सोडला आणि पुन्हा ताणून पाहिला. मग हळूच म्हणाले, "गोल आहे हे मीच शिकवलंय हो. पण एवढी गोल आहे असं पुस्तकात नव्हतं."

मी हसले. मनात म्हटलं, मास्तर, तुम्ही पाठ केलं, आम्ही समजून घेतलं. हा माझा स्वभावच होता आणि तो पुढं मला महागात पडला.

किसनभाऊ आणि गुरुजी परवडले. खरी कसोटी बंगलेवाले. लोणावळ्यातच वलवणच्या बाजूला पोहण्याच्या तलावासकट बंगला असलेले मुंबईचे एक साहेब होते. त्यांनी दोन कंपन्यांच्या वेळा समोर ठेवून तासभर घासाघीस केली. एकीचं विमान लंडनला नऊ तास वीस मिनिटांत जात होतं, दुसरीचं नऊ तास पंचेचाळीस. मी सांगितलं, साहेब, अंतर दोघींना सारखंच, सात हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास. वेगही सारखाच. कंपन्या छापील वेळेत थोडी ढील ठेवतात. रनवेपर्यंत रांगेत सरकणं, तिकडं गर्दी असेल तर वर घिरट्या घालणं, सगळं त्यात धरतात. जिची ढील जास्त, तिचं विमान वेळेआधी पोचतं आणि मग ती घोषणा करून कौतुक करून घेते.

"ट्वेंटी फाइव्ह मिनिट्स आर ट्वेंटी फाइव्ह मिनिट्स," साहेब म्हणाले आणि त्यांनी पंचवीस मिनिटं वाचवली. मग रविवारी दुपारी बंगल्यावरून जेवून निघाले आणि पाच तास घाटात उभे राहिले. विमान त्यांच्याविना नऊ तास वीस मिनिटांत लंडनला पोचलं.

हेच माझ्या धंद्याचं सार. मुंबई ते लंडन मी मिनिटात सांगू शकत होते. लोणावळा ते मुंबई कुणीच सांगू शकत नाही. ढग उतरले, कंटेनर आडवा झाला, शनिवार-रविवार लागून सुट्टी आली, की संपलं. आमच्याकडं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगतच नाही. मुंबई किती लांब, असं विचारलं तर समोरचा आधी विचारतो, "आज वार कुठला?"

वाराचा हा प्रश्न किती खोल आहे ते मला शेवंतामावशीनं शिकवलं. तीच गोष्ट मला सांगायची आहे. वरचं सगळं, खरं सांगायचं तर, धीर गोळा करण्यासाठी लिहिलं.

शेवंतामावशी वलवणची. नवरा लवकर गेला. उभं आयुष्य तिनं चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईपुढं काढलं. हातावर पाकाचे डाग, मनगटापासून कोपरापर्यंत. मुलगा प्रवीण हुशार निघाला. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेला, चार वर्षं संशोधन केलं आणि डॉक्टर झाला, औषधं न देणारा. पदवीदान समारंभ जुलैमधल्या एका शुक्रवारी सकाळी अकराला होता. आईनं समोर बसून तो बघायचा असं त्यानं ठरवलं आणि तिकिटासाठी तिला माझ्याकडं पाठवलं.

मला ते तिकीट काढताना किती आनंद झाला ते लिहीत नाही. माझ्या पदवीदानाला माझी आई नव्हती. मला पदवी पोस्टानं आली.

मुंबईहून गुरुवारचं विमान काढलं. सुटायची वेळ ०१.४०. एक पूर्ण दिवस हाताशी राहावा, मावशीला झोप मिळावी, असा हिशोब. ई-तिकीट इंग्रजीत असतं, म्हणून माझ्या दुकानाची एक रीत होती: प्रत्येक गिऱ्हाइकाला मी माझ्या हातानं मराठीत चिठ्ठी लिहून द्यायचे. लोक ती चिठ्ठी पासपोर्टात ठेवत. मावशीच्या चिठ्ठीवर मी ठळक अक्षरांत लिहिलं: "गुरुवार. विमान रात्री १ वाजून ४० मिनिटांनी. विमानतळावर तीन तास आधी पोचणे." खाली सही. सहीखाली सवयीनं बी.ए.

गुरुवारी सकाळी दहाला मी दुकान उघडून उदबत्ती लावत होते, तेवढ्यात दारात मावशी. नवी चप्पल, हातात चिक्कीचा पुडा.

"जय भीम, ताई. आज रातच्याला निघायचं. म्हनलं सांगून जावं."

उदबत्ती माझ्या हातातच राहिली. त्या क्षणी मावशीचं विमान युरोपावर कुठंतरी होतं. तासाभरात ते लंडनला उतरणार होतं, तिच्या रिकाम्या सीटसकट.

"मावशी, तुम्ही इथं कशा?"

"म्हंजी? हितंच तर ऱ्हाती मी."

"अहो, विमान काल रात्री गेलं! चिठ्ठी कुणाकडून वाचून घेतली नव्हती का?"

"घेतली की. भाच्यानं वाचली. गुरवारी रातच्या पावनेदोनला."

"गुरुवारी रात्री म्हणजे काल रात्री! बुधवारी जेवून निघायचं होतं!"

मावशीनं रस्त्यावरच्या उजेडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ताई, गुरवार तर आत्ता उजाडला. त्याची रात अजून व्हायची हाय."

आमच्याकडं दिवस उजाडल्यावर सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत टिकतो. माझ्या वडिलांची गुरुवारची रात्रपाळी शुक्रवारी सकाळी सुटायची, तरी ती गुरुवारचीच. हजेरीही तशीच लागायची. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण भूगोलाच्या पुस्तकात वार मध्यरात्री बदलतो, आणि मी पुस्तकातलं लिहिलं होतं.

शेजारचे चपलांच्या दुकानाचे मालक आवाज ऐकून आले होते. आणखी दोन गिऱ्हाइकं दारात उभी. सगळ्यांसमोर मी काय म्हणावं?

"बारानंतर वार बदलतो, मावशी. चिठ्ठीत बरोबर लिहिलंय."

मावशीनं पुडा टेबलावर ठेवला. "आमी अडानी मान्सं. माजंच चुकलं आसंल," ती म्हणाली.

चपलांचे मालक म्हणाले, "अशिक्षित बाईमाणसाला एकटीला पाठवायचं म्हणजे हे असंच व्हायचं." आणि मी मान हलवली. नाही म्हणाले नाही. मान हलवली, हे मला चांगलं आठवतं.

मग फोनवर बसले. बाहेरच्यांना सांगते, पहिल्या विमानाला तुम्ही गेला नाहीत तर कंपनी परतीचं तिकीटही रद्द करते. तुम्ही गेलाच नाही तर परत कसे येणार, असा त्यांचा तर्क. तर्काला तोड नाही. पलीकडची मुलगी एकच वाक्य बोलत होती, "मॅम, पॅसेंजर इज अ नो-शो." म्हणजे आलीच नाही. मी म्हटलं, पॅसेंजर माझ्यासमोर बसलीय, चांगली शो होतेय. दोन तास चार माणसांशी बोलले. शेवटी एका वरिष्ठ बाईंना मावशीची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी परतीचं तिकीट जिवंत केलं आणि त्याच रात्रीच्या, म्हणजे शुक्रवारी ०१.४० च्या विमानात मधली एक सीट दिली. फरक मी माझ्या खिशातून भरला. त्यानं जीव थोडा हलका झाला असं मला तेव्हा वाटलं.

आता गणित बघा. शुक्रवारी पहाटे एक चाळीसला निघायचं. साडेनऊ तास प्रवास. आपल्याकडं अकरा दहा वाजतील, तिकडं सहा चाळीस. समारंभ अकराला. विमान वेळेवर गेलं तर मावशी वेळेत. एक मात्र होतं, आता चुकायला जागा नव्हती. आणि मध्ये घाट होता.

"दुपारीच निघायचं," मी म्हटलं.

"अवं, पन इमान रातचं ना? का परत वार बदालला?" मावशीनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारत होती.

दुकान बंद केलं आणि मी स्वतः गाडीत बसले. मावशीचा भाचा चालवत होता. अमृतांजन पुलाच्या अलीकडं गाड्या थांबल्या त्या थांबल्या. पुढं ट्रक बंद पडला होता, वर धुकं. भाचा उतरून पुढं बघून आला. "लय लांबपत्तोर हाय," म्हणाला. मी घड्याळ बघत होते, मावशी दरीतला धबधबा बघत होती.

"ताई, लंडन किती लांब वो?"

"साडेनऊ तास. पण घड्याळात पाचच दिसतील."

"ते कसं काय?"

मी गोल, दोरा, रेखांश काहीही जवळ नसताना समजावायला लागले. पृथ्वी फिरते, सूर्य आधी आपल्याकडं उगवतो, मग त्यांच्याकडं. मावशीनं मध्येच थांबवलं.

"म्हंजी इमान रातीच्या संगट संगट चालनार. रात जाती तिकडंच आपुन चाललो. मंग रात लांबनारच की. त्यात येवढं काय?"

चोवीस वर्षांत मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. तिथं, त्या अडकलेल्या गाडीत, मी सांगायला हवं होतं की मावशी, चूक माझी आहे. तोंडाशी आलं होतं. भाचा आरशातून बघत होता. पुढचा ट्रक हलला, मीही हलले, विषय राहिला. ही गप्प बसण्याची पहिली खेप.

सातला विमानतळावर पोचलो. मावशीनं बांधून आणलेली भाकरी आणि वाटण्याची भाजी आम्ही दारापाशी उभ्यानं खाल्ली. आत जाताना तिनं चिठ्ठी पासपोर्टातून काढली, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. मला वाटलं, सवय.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला व्हिडिओ कॉल आला. लाल झग्यातला प्रवीण आणि शेजारी पांढऱ्या नव्या साडीत मावशी. पोचली होती! मागं गोरी माणसं चिक्की तोडायचा प्रयत्न करत होती. मी दुकानात उभी राहून टाळ्या वाजवल्या.

"ताई, थँक यू," प्रवीण म्हणाला. "आईनं पार घोळ घातला होता. मी इथं सगळ्यांना सांगितलं, माझ्या आईनं विमानच चुकवलं. सर लोक खूप हसले."

"पण प्रवीण, तिकीट तर तुलाही पाठवलं होतं. काल सकाळी तू विमानतळावर गेला होतास ना आणायला?"

त्यानं टोपी सारखी केली. "नाही हो. मीही ते थर्सडे नाइटच समजलो. म्हटलं, शुक्रवारी सकाळी येईल, तिथूनच घेऊन जाऊ." आणि हसला.

वलवणचं पोर शेवटी. त्यानंही इंग्रजी तिकीट मावळाच्या वारानं वाचलं होतं. तिघांच्या या कारभारात दोन पदव्या होत्या, त्यातली एक त्याच सकाळची ताजी, आणि चूक लागली ती तिसरीच्या नावावर. मावशी मागं हसत होती. मीही हसले आणि फोन ठेवला. ही माझी दुसरी गप्प बसण्याची खेप.

महिन्यानं मावशी परत आली आणि बिस्किटांचा डबा घेऊन दुकानात आली. या वेळी दुकानात कुणी नव्हतं. कुणी नसताना धीर पटकन येतो.

"मावशी," मी म्हटलं, "त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. मी चिठ्ठीत बुधवारी जेवून निघा असं लिहायला पाहिजे होतं. चूक माझी."

मावशीनं डबा उघडला, एक बिस्कीट माझ्या हातावर ठेवलं.

"मला ठावं हाय. गाडीत बसल्यावरच समाजलं. चिठ्ठी हाय माज्यापाशी. प्रवीननं तितं समद्यांना सांगितलं तवा वाटलं, काढावी आन् दावावी. न्हाई दावली."

"का?"

"तुमच्या अक्षरात हाय ना ती. खाली तुमची ती बीए का काय ती बी हाय. उद्या लोक म्हनले, हिची चिठ्ठी चुकती, तर तुमच्याकडं कोन येईल? तुमचं दुकान हाय, बाई. माजं काय, मी चिक्कीवाली. मी इमान चुकवलं म्हून कोन माजी चिक्की खायाची थांबनार हाय?"

मी म्हटलं, मी आजच सगळ्यांना सांगते. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आता हसून झालंय समद्यांचं." आणि मी राहू दिलं. ही तिसरी खेप.

त्यानंतर चिठ्ठ्यांत मी तारीख-वार लिहून त्याखाली, गुरुवारी पहाटेचं विमान असेल तर, "बुधवारी रात्री जेवण करून घरातून निघणे" असं आमच्या भाषेत लिहू लागले. एकाचंही विमान चुकलं नाही. लोक म्हणायचे, बाईंची चिठ्ठी म्हणजे एकदम पक्की. मी ते कौतुकही गुपचूप घेतलं.

गेल्या वर्षी दुकान बंद केलं. आता तिकिटं लोक मोबाईलवर काढतात, अंतर, वेळ, वारं सगळं तिथं दिसतं. पाटी उतरवताना शेजारचे चपलांचे मालक मदतीला आले होते. पाटी धरून म्हणाले, "मॅडम, चोवीस वर्षांत तुमच्याकडून एक चूक नाही झाली बघा. ती वलवणची बाई सोडली तर, आणि तीही तिचीच."

मी पाटी खाली ठेवली आणि त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, तुम्ही मोठ्या मनाच्या, म्हणून अंगावर घेताय." विश्वासच ठेवला नाही. बी.ए.चं वजन असं असतं.

म्हणून हे इथं, छापून यावं अशा ठिकाणी लिहिते आहे. वलवणच्या शेवंतामावशीनं विमान चुकवलं नाही. तिला सांगितलेल्या रात्री, सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी, ती नवी चप्पल घालून तयार होती.